गाडीतल्या स्पीकरची शिट्टी: फिल्टर लावण्याआधी अर्थिंग तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की गाडीत नवा डेक (डॅशबोर्डमधला स्टिरिओ), ॲम्प्लिफायर, सबवूफर बसवून घ्यायला ॲक्सेसरीजच्या दुकानांत गर्दी होते. सण उलटला की त्यातलीच बरीच मंडळी तक्रार घेऊन परत येतात. गाणे थांबवले तरी ट्वीटरमधून (उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरमधून) बारीक शिट्टी येते, ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते, मोबाइल चार्जिंगला लावला की घूंऽऽ सुरू होते, एफएम पूर्वीसारखे लागत नाही. यावर बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेले असते: ‘नॉइज फिल्टर टाकू या.’ पाच मिनिटांत एक डबी वायरच्या मध्ये बसते, बिल होते, आणि आवाज कशामुळे येत होता हे ना गिऱ्हाइकाला कळते ना फिटरला.

गाडीच्या ऑडिओ वायरिंगचे काम करणारे म्हणून आम्हाला हे लिहावेसे वाटते, कारण प्रश्न फक्त गाणे गोड ऐकू येण्याचा नाही. या शिट्टीचे सगळ्यात नेहमीचे कारण म्हणजे ढिले, रंगावर आवळलेले किंवा गंजलेले अर्थिंग, म्हणजे उपकरणाची निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेला सांधा. मोठा ॲम्प्लिफायर जोरात वाजताना सहज ३० अँपिअर खेचतो. अर्थच्या सांध्यात ०.१ ओहम रोध असला तर तिथे ३ व्होल्ट पडतात आणि ९० वॉट उष्णता त्या एका बोल्टपाशी तयार होते. लग (वायरच्या टोकाला बसवलेली धातूची पट्टी) तापते, वायरचे इन्सुलेशन मऊ पडते. सांधा पूर्णच सुटला तर ॲम्पचा परतीचा करंट आरसीए केबलच्या (डेकचा सिग्नल ॲम्पला नेणाऱ्या केबलच्या) बाहेरच्या जाळीतून डेकमध्ये घुसतो आणि डेकच्या बोर्डावरची बारीक पट्टी जळते. शिट्टी ही या बिघाडाची पहिली खूण असते. फिल्टरने ती दबते, सांधा मात्र तसाच तापत राहतो.

शोध घ्यायला महागडी उपकरणे लागत नाहीत. साधा मल्टिमीटर, दोन-तीन मीटर जाड वायर, एक चांगली आरसीए केबल, आणि घरी बनवता येणारी एक ‘शॉर्ट पिन’ पुरते. आरसीएचे दोन सुटे मेल कनेक्टर घ्यावेत (पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळतात) आणि प्रत्येकाची मधली पिन व बाहेरची कडी आतून तारेच्या तुकड्याने डाग देऊन जोडून टाकावी. या दोन पिना वर्षानुवर्षे उपयोगी पडतात. त्या कशासाठी, ते पुढे येईल.

पहिले काम कानाचे. आवाजाची जात ओळखली तर अर्धी दिशा कळते. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर सलग चढणारी-उतरणारी शिट्टी अल्टरनेटरची (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची). अल्टरनेटर तीन फेजची एसी तयार करतो, आतले सहा डायोड तिची डीसी करतात, पण ती डीसी सपाट नसते. तिच्या माथ्यावर लहरी उरतात. बारा पोलचा अल्टरनेटर आणि पुलीचे प्रमाण अडीच पट धरले तर ८०० आरपीएमच्या आयडलिंगला ही लहर १२०० हर्ट्झची होते आणि ३००० आरपीएमला ४५०० हर्ट्झची. माणसाचा कान साधारण याच पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, म्हणून चार-दोन मिलिव्होल्टसुद्धा कानाला टोचतात. शिट्टीऐवजी जाडसर गुरगुर येत असेल आणि तीही रेसबरोबर चढत असेल तर एखादा डायोड गेल्याची शंका घ्यावी, कारण मग लहरींची वारंवारता खाली उतरते.

फेऱ्यांबरोबर टरटर वाढत असेल तर तो इग्निशनचा आवाज. चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात दर फेरीला दोन ठिणग्या पडतात, त्यामुळे ८०० आरपीएमला सेकंदाला सत्तावीसच्या आसपास टिचक्या ऐकू येतात. डिझेल गाडीत ठिणगीच नसते, त्यामुळे तिथे या दिशेला वेळ घालवू नये. सतत, एकसारखा ‘सूंऽऽ’ इंजिन बंद असतानाही येत असेल तर तो बहुधा वाढवून ठेवलेल्या गेनचा (ॲम्पवरच्या सिग्नल जुळवायच्या स्क्रूचा). खड्ड्यात गाडी आपटली की खरखर होत असेल तर सांधा ढिला किंवा दरवाजाच्या बिजागरीपाशी वायर तुटायला आलेली. चालू-बंद करताना ‘धप्’ होत असेल तर ॲम्पची रिमोट वायर (डेकबरोबर ॲम्प चालू-बंद करणारी) डेकच्या रिमोटला न जोडता थेट इग्निशनला जोडलेली असते. ती निळ्या-पांढऱ्या वायरला जोडली की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

आता हाताने करायच्या चाचण्या. त्यांचा क्रम मोडू नये, कारण प्रत्येक चाचणी गाडीतली निम्मी जागा संशयातून वगळते.

इंजिन चालू, आवाज येत असताना डेकचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. शिट्टीही गेली, आणि व्हॉल्यूम वाढवताच तीही वाढली, तर ती व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधी शिरते आहे: ऑक्सची केबल (मोबाइलचा आवाज डेकला देणारी), यूएसबी, रेडिओचा ट्यूनर. मग ऑक्स, यूएसबी, ब्लूटूथ, एफएम असे एकेक निवडून पाहावे. ज्यात आवाज येतो तिथेच खोट. व्हॉल्यूम शून्यावर असूनही शिट्टी तेवढीच राहिली तर ती व्हॉल्यूमच्या पुढे कुठेतरी शिरते, म्हणजे डेकचा आउटपुट, आरसीए केबल, ॲम्प किंवा स्पीकरची वायर.

दुसऱ्या प्रकारात शॉर्ट पिना काढाव्यात. सिस्टीम बंद करून ॲम्पच्या आरसीए केबल उपटा, त्या जागी शॉर्ट पिना खोचा, इंजिन सुरू करून रेस द्या. शिट्टी तशीच राहिली तर दोष ॲम्पकडे: त्याची पॉवर, त्याचे अर्थिंग, स्पीकरच्या वायरी किंवा ॲम्प स्वतः. शिट्टी गेली तर ॲम्प निर्दोष, शोध पुढे डेककडे सरकवायचा. पिना न लावता नुसते सॉकेट मोकळे ठेवले तर चाचणी खोटी ठरते, कारण मोकळा इनपुट आजूबाजूचा आवाज पकडतो.

शिट्टी गेली असेल तर तिसरी चाचणी मोबाइलची. मोबाइल चार्जरवरून काढा, ३.५ मिमी जॅक ते आरसीए केबलने थेट ॲम्पला जोडा आणि गाणे लावा. मोबाइल स्वतःच्या बॅटरीवर चालतो, गाडीच्या बॉडीशी त्याचा काही संबंध नाही. आवाज स्वच्छ आला तर दोष डेकमध्ये किंवा डेकपासून येणाऱ्या केबलमध्ये. मग आणलेली चांगली आरसीए केबल डेकपासून ॲम्पपर्यंत सीटवरून तात्पुरती टाकून बघावी. शिट्टी गेली तर जुनी केबल खराब किंवा ती कुठेतरी पत्र्याला घासून उघडी पडली आहे. नाही गेली तर डेकचे अर्थिंग.

डेकचे अर्थिंग बहुतेक वेळा दुर्लक्षित राहते. कंपनीच्या हार्नेसमधली (वायरींच्या जुडग्यातली) काळी वायर बारीक असते आणि डॅशबोर्डमागे इतर दहा गोष्टींबरोबर एकाच बोल्टवर जाते. ब्लोअर, सिगारेट लायटर, इंडिकेटर सगळे तिथेच. डेक बाहेर काढून त्याच्या धातूच्या बॉडीपासून अडीच चौ. मिमी वायरने गाडीच्या मोकळ्या पत्र्याला तात्पुरता अर्थ द्यावा. शिट्टी लगेच कमी झाली तर उत्तर मिळाले. त्याच वेळी मल्टिमीटरने डेकच्या आरसीए सॉकेटची बाहेरची कडी आणि डेकची बॉडी यांच्यात सातत्य (विजेचा सलग जोड) आहे का ते पाहावे. बऱ्याच डेकमध्ये तिथे अगदी बारीक फ्यूज किंवा पट्टी असते. आरसीए लावताना-काढताना सिस्टीम चालू ठेवली, किंवा ॲम्पचा अर्थ सुटला, की ती उडते. मग आरसीएची कडी अधांतरी राहते आणि शिट्टी भयंकर येते. आरसीएची बाहेरची कडी आणि डेकची बॉडी तारेने जोडून पाहिली तर निदान पक्के होते. कायमचा उपाय म्हणजे बोर्डावर दुरुस्ती. म्हणूनच आरसीए केबलला हात लावण्याआधी सिस्टीम बंद करणे हा नियम पाळावाच.

ॲम्पचे अर्थिंग मोजायची रीत मुद्दाम सविस्तर देतो, कारण इथेच सर्वांत जास्त चुका होतात. अनेक फिटर मल्टिमीटर ओहमवर लावतात, ०.२ दिसले की ‘अर्थ ओके’ म्हणतात. साध्या मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध तेवढा असतो, शिवाय मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो; एकच धागा शिल्लक असलेली वायरही त्याला ठणठणीत दिसते. अर्थ मोजायचा तो करंट वाहत असताना. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक प्रोब ॲम्पच्या निगेटिव्ह टर्मिनलच्या स्क्रूवर, दुसरा लांब वायर जोडून बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर. इंजिन चालू, बेस असलेले गाणे जोरात. ०.१ व्होल्टच्या आत आकडा असेल तर उत्तम. ०.२ च्या वर गेला की कुठेतरी खोट आहे. मग बॅटरीकडचा प्रोब तिथेच ठेवून दुसरा पुढे सरकवत न्यायचा: ॲम्पचा स्क्रू, मग लग, मग बोल्टचे डोके, मग शेजारचा खरवडलेला पत्रा, मग बॉनेटखालची बॉडी, मग इंजिनाचा ब्लॉक. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम पडतो, तिथेच दोष. ब्लॉक आणि बॉडीमधली वेणीसारखी तांब्याची पट्टी जुन्या गाड्यांत हिरवी पडून तुटत आलेली असते. ती बदलली की शिट्टीबरोबर मंद हेडलाइट आणि आळसटलेला स्टार्टर हेही दुरुस्त झालेले दिसतात.

नवा अर्थ देताना जागा बॉडीच्या जाड पत्र्यावर निवडावी, पातळ झाकणावर नको. सीटबेल्टचा बोल्ट कधीही वापरू नये. तो ठरावीक टॉर्कला आवळलेला असतो आणि अपघातात माणसाचा भार त्याच्यावर येतो. सीएनजी गाड्यांत सिलिंडरच्या ब्रॅकेटचे बोल्ट डिकीत आयते हाताशी असतात, त्यांनाही हात लावू नये. नवे भोक पाडायचे तर आधी खाली वाकून पाहावे: पेट्रोलची टाकी, ब्रेकची नळी, सीएनजीचा पाइप. भोकाभोवती दहा रुपयांच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने घासावी. आधी रंग जातो, मग राखाडी प्रायमर, आणि त्याखाली चकचकीत पत्रा दिसेपर्यंत थांबू नये. प्रायमरवर आवळलेला बोल्ट पहिल्या दिवशी चालतो आणि पहिल्या पावसाळ्यात दगा देतो. लग नीट क्रिंप केलेली (योग्य हत्याराने दाबून बसवलेली), वायरच्या मापाची. पक्कडीने चेपलेली नको. पत्र्याला लागून लग, तिच्यावर काटेरी वॉशर, मग नट, M८ किंवा त्याहून मोठा. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली किंवा रंगाचा हात द्यावा, नाहीतर उघडा पत्रा गंजायला वेळ लागत नाही. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे तर हे काम टाळून चालतच नाही. अर्थची वायर पॉझिटिव्हच्याच जाडीची आणि शक्यतो ४५ सेंटीमीटरच्या आत. डेक, ॲम्प, इक्वलायझर यांचे अर्थ वेगवेगळ्या कोपऱ्यांत गेले की त्या कोपऱ्यांमधला काही मिलिव्होल्टचा फरक आरसीएच्या जाळीतून वाहतो. त्यालाच ग्राउंड लूप म्हणतात. डिकीतली सगळी उपकरणे एकाच बोल्टवर आणावीत.

नव्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर करंट मोजणारा सेन्सर असतो. ॲम्पचा अर्थ थेट बॅटरीच्या पोलवर नेला तर तो करंट सेन्सरला दिसत नाही आणि चार्जिंगचे गणित चुकते. तिथे अर्थ बॉडीलाच द्यावा.

वायरच्या दर्जाबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ‘४ गेज’ म्हणून विकली जाणारी स्वस्त किटमधली वायर पुष्कळदा आतून ॲल्युमिनियमची आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेली असते. ब्लेडने एक धागा खरवडला की आत पांढरे दिसते. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट किंवा थोडा जास्त असतो, आणि क्रिंपमध्ये ती सैलावते. शिवाय इन्सुलेशन जाड करून आतला धातू कमी ठेवलेला असतो. खरे ४ गेज म्हणजे सुमारे २१ चौ. मिमी धातू, ८ गेज म्हणजे साडेआठच्या आसपास. मापाची खात्री करूनच घ्यावी. आणि पॉझिटिव्ह वायरला बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत फ्यूज हवाच. तो ॲम्पसाठी नसून वायर पेटू नये म्हणून असतो.

पॉवरची वायर एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने टाकावी, हा सल्ला सगळेच देतात. तो चुकीचा नाही, आणि जिथे दोन्ही एकमेकींना ओलांडतात तिथे काटकोनात ओलांडाव्यात. पण शिट्टी आली की सगळा कार्पेट उचलून वायरी हलवायला सुरुवात करणे हे आमच्या मते उलटे काम आहे. सीटवरून तात्पुरती केबल टाकून पाहिल्याशिवाय कार्पेटला हात लावू नये. बहुतेक वेळा वायरी आहेत तिथेच राहतात आणि आवाज अर्थ सुधारून जातो.

बॅटरी आणि अल्टरनेटरचीही नाडी बघावी. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. काही नव्या गाड्यांत चार्जिंग व्होल्टेज गरजेप्रमाणे बदलते, तिथे एका आकड्यावर निकाल देऊ नये. बॅटरी ही लहरी शोषणारी मोठी टाकीच आहे; ती म्हातारी झाली किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साठली की शिट्टी वाढते. लहर मोजायला मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या पोलवर धरतात. हेडलाइट आणि ब्लोअर चालू, १५०० आरपीएम. ०.१ व्होल्टच्या आत ठीक, ०.५ च्या वर गेला तर अल्टरनेटरचे डायोड तपासून घ्यावेत. मात्र स्वस्त मल्टिमीटर एसीवर असताना डीसी अडवत नाहीत आणि बॅटरीवर चक्क पंचवीस-तीस व्होल्ट दाखवतात. प्रोब उलटे केल्यावर आकडा शून्य झाला तर तो मीटर या कामाचा नाही असे समजावे. त्या आकड्यावर विसंबून अल्टरनेटर बदलून घेतला तर पैसे पाण्यात.

ज्यांच्याकडे वेगळा ॲम्पच नाही, त्यांची तक्रार बहुधा ऑक्स आणि चार्जरची असते. मोबाइल चार्जरला, त्याच मोबाइलमधून ऑक्स केबल डेकला: अर्थचे दोन रस्ते तयार झाले आणि लूप पूर्ण झाला. चार्जर उपटला की आवाज गेला तर खात्री झाली. इथे ऑक्स केबलमध्ये लावायचा छोटा आयसोलेटर (गाणे जाऊ देणारा, पण अर्थचा जोड तोडणारा) हा प्रामाणिक उपाय आहे, कारण दोष खरोखर लूपचाच आहे. यूएसबीवर चालणारा ब्लूटूथ रिसीव्हर ऑक्सला लावला तरी तेच होते. तिथे बी०५०५एस सारखे ५ व्होल्टचे आयसोलेटेड मॉड्यूल रिसीव्हरच्या पॉवरमध्ये टाकले की गाण्याच्या वाटेत काहीही न लावता शिट्टी जाते. हे मॉड्यूल २०० मिलिअँपिअरच देते, त्यावर मोबाइल चार्ज करायला जाऊ नये.

आयसोलेटरबद्दल तक्रार आहे ती वेगळी. आरसीएच्या मध्ये बसणाऱ्या डबीत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. स्वस्त डबीतला गाभा लहान असतो, तो खालच्या स्वरांना तृप्त होतो (त्याची चुंबकीय क्षमता संपते) आणि ४०-५० हर्ट्झच्या खालचा बेस पातळ पडतो, जोरात वाजवले की फाटतो. हजारो रुपयांचा सबवूफर घ्यायचा आणि त्याच्या वाटेत अशी डबी ठेवायची, हे गिऱ्हाइकाला आधी सांगायला नको का? पॉवर वायरमधला फिल्टर डेकपुरता उपयोगी पडू शकतो, पण १० अँपिअरचा फिल्टर मोठ्या ॲम्पच्या वायरीत घालणे धोक्याचे आहे. एक फॅरडचा कॅपॅसिटरही शिट्टीवर औषध म्हणून विकू नये. ग्राउंड लूप त्याने जात नाही.

कंपनीच्या डेकवरून ॲम्प चालवायचा असेल तेव्हा एक जुनी सवय घात करते. आजच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी ‘जिवंत’ असतात. बॉडीच्या तुलनेत प्रत्येकीवर ६-७ व्होल्ट डीसी असते. चारही स्पीकरचे निगेटिव्ह एकत्र करून बॉडीला जोडले तर डेकचा आयसी जाऊ शकतो, आणि नाही गेला तरी आवाज भरतो. स्पीकरची वायर कुठे पत्र्याला लागली आहे का ते ॲम्पपासून वायर सुटी करून तपासावे: वायर ते बॉडी मीटरवर ‘ओपन’ हवे, आणि ४ ओहमच्या स्पीकरच्या दोन टोकांत ३.२ ते ३.८ ओहम. दरवाजा उघड-बंद करताना आकडा नाचला तर बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर तुटली आहे.

सततच्या ‘सूंऽऽ’साठी गेन नीट लावणे हाच उपाय. गेन म्हणजे ताकद वाढवायचे बटण नव्हे. डेकचा सिग्नल आणि ॲम्प यांची जुळणी करणारा तो स्क्रू आहे. डेकचा इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद, व्हॉल्यूम तीन चतुर्थांश. ॲम्पचे फिल्टर बंद, स्पीकरच्या वायरी सोडवलेल्या. ० डीबीचा (पूर्ण पातळीवर रेकॉर्ड केलेला) टोन वाजवावा, फुल-रेंजसाठी १०० हर्ट्झ आणि सबसाठी ५० हर्ट्झ. साधे मीटर सुमारे ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाचे असल्याने वरचा टोन घेऊ नये. वॉट गुणिले ओहमचे वर्गमूळ हे व्होल्टचे लक्ष्य: ५० वॉट, ४ ओहम असेल तर १४.१ व्होल्ट एसी. मीटरवर तेवढे आले की थांबावे. २ व्होल्टऐवजी ४ व्होल्ट आउटपुटचा डेक असेल तर गेन निम्म्यावर येतो आणि सूंऽऽ सहा डेसिबलने उतरते.

एफएमची खरखर हे वेगळेच प्रकरण. ती हवेतून अँटेनात शिरते, त्यामुळे अर्थ कितीही सुधारला तरी चार्जरची खरखर तशीच राहील. कमजोर स्टेशन लावून एकेक उपकरण बंद करावे: सिगारेट लायटरमधला चार्जर, डॅशकॅम, बाहेरून बसवलेले एलईडी हेडलाइट, मागचा कॅमेरा. स्वस्त चार्जर आणि एलईडीचे ड्रायव्हर आतून लाखो हर्ट्झने चालू-बंद होतात आणि त्यांचे पडसाद ८८ ते १०८ मेगाहर्ट्झपर्यंत पोहोचतात. दोषी उपकरण सापडले की त्याची वायर उपकरणाजवळच फेराइटच्या (चुंबकीय पदार्थाच्या) क्लिपमधून दोन-तीन वेढे देऊन न्यावी. तेवढ्याने भागले नाही तर उपकरण बदलावे. अल्टरनेटरच्या शिट्टीवर मात्र फेराइटचा काही उपयोग होत नाही. नवा डेक बसवल्यावर एफएमच मंदावले असेल तर छतावरच्या अँटेनाच्या बुडातल्या बूस्टरला १२ व्होल्ट मिळत नाहीत. अडॅप्टरवरची निळी वायर डेकच्या अँटेना वायरीला जोडायची राहिलेली असते. किनारपट्टीवरच्या गाड्यांत अँटेनाचे बूड खालून गंजते. अँटेना केबलची बाहेरची कडी ते बॉडी अर्ध्या ओहमच्या वर दाखवत असेल तर ते उघडून पत्रा साफ करावा. इग्निशनची टरटर असेल तर स्पार्क प्लग रेझिस्टरवाला आहे का पाहावे. बहुतेक कंपन्यांच्या नंबरात ‘आर’ अक्षर असते.

दरवाजाचा पत्रा, नंबर प्लेट, डिकीचे झाकण यांची थरथर वायरिंगमध्ये शोधू नये. २० ते २०० हर्ट्झ असा चढता टोन लावून कोणीतरी बाहेरून हात ठेवत फिरावे, जागा लगेच सापडते. थरथर शोषणारी ब्युटाइलची शीट चिकटवताना दरवाजाच्या तळाची पाणी जाणारी भोके मात्र बुजवू नयेत. आपल्या पावसात दरवाजात पाणी साठले की स्पीकरही जातो आणि दरवाजाही सडतो.

दोन सूचना जिवाशी संबंधित. रेस देऊन तपासणी करायची ती उघड्यावर. तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा बंद गॅरेजमध्ये नाही, आणि बॉनेटखाली वाकताना ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी पट्ट्यापासून दूर. दुसरी, पिवळ्या कपलरच्या वायरी एअरबॅगच्या असतात आणि विजेवरच्या गाड्यांतल्या नारिंगी केबल शेकडो व्होल्टच्या; त्यांत मीटरचा प्रोब घालायचाच नाही. विजेवरच्या गाडीत अल्टरनेटर नसतो, तिथली शिट्टी डीसी-डीसी कन्व्हर्टरची असू शकते. १२ व्होल्टच्या बाजूच्या वरच्या चाचण्या तिथेही तशाच लागू पडतात, त्यापुढचे काम कंपनीच्या माणसाचे.

दुकानदारांची बाजूही मांडायला हवी. ही सगळी तपासणी अर्ध्या-पाऊण तासाची आहे आणि गिऱ्हाईक तिचे पैसे द्यायला तयार नसते. डबीचे मात्र देते. म्हणून डबी विकली जाते. ज्यांना हे स्वतः जमणार नाही त्यांनी दुकानात जाऊन ‘आवाज घालवा’ असे न म्हणता तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी, आणि काम झाल्यावर दोन गोष्टी बिलावर लिहून मागाव्यात: ॲम्पच्या अर्थवर गाणे जोरात असताना किती व्होल्ट पडले, आणि शॉर्ट पिना लावल्यावर आवाज राहिला की गेला. दुकानदारांनीही या दोन नोंदींसाठी बिलबुकात जागा ठेवावी. फिल्टर लावायची खरोखर गरज पडलीच, तर तो या दोन नोंदींच्या खालच्या ओळीत यावा.

आपले,
कार ऑडिओ वायरिंगचे काम करणारे काही कारागीर, पुणे